पेतातानला निघताना पोटभर खाऊन घेणे

माझ्या नवऱ्याने, क्रिस्पीनने, कॅमेरा गळ्यात अडकवला तेव्हा पहाटेचे सहा वाजले होते, आणि त्याने तो उलटा अडकवला होता, भिंग पोटाकडे. मी बघितलं आणि गप्प बसले. कंटाळा आला होता म्हणून नव्हे. कंटाळा यायलासुद्धा माणसाच्या आत काहीतरी जागं असावं लागतं, माझ्यात तेवढंही नव्हतं.

"चल म्हातारे," तो म्हणाला, "उजेड व्हायच्या आत ओकोत्लान गाठू."

"गाठ की. मी कुठे अडवलंय?"

कॅमेरा आमच्या मुलाचा, नाबोरचा. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तो मोटरसायकल घेऊन ओकोत्लानला गेला. "दुपारपर्यंत येतो, मालकीणबाई," म्हणाला. मला तो मालकीणबाई म्हणायचा, निर्लज्ज. एरवी शौचालाही कॅमेरा घेऊन जाणारा पोरगा, पण त्या दिवशी तेवढा घरी ठेवून गेला. आठ दिवसांनी मोटरसायकल हामायच्या बाहेर तळ्याकाठी जलपर्णीत आडवी पडलेली सापडली. तो सापडला नाही. सव्वीस वर्षांचा होता.

तेव्हापासून माझं असं झालंय. चपालाच्या धक्क्यावर मी चराल तळून विकते, बोटाएवढे मासे, मीठ-मिरची-लिंबू लावून. तेल हातावर उडतं आणि शेजारची ठेलेवाली ओरडते, "अगं एर्लिंदा, हात भाजला तुझा!" मग मी हाताकडे बघते. हो, भाजलाय खरा. एकदा तर मी गिऱ्हाइकाला कागदाच्या पुडीत चराल बांधून दिले, ते गेलं, आणि मग लक्षात आलं की तो कागद नाबोरच्या कॅलेंडरचा होता, एप्रिल महिना, शेकाट्या पक्षी एका पायावर उभा. आई असून मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही.

ते कॅलेंडर म्हणजे आमच्या गल्लीतला खाटीक वर्षअखेरीस गिऱ्हाइकांना फुकट देतो ते. पूर्वी त्यावर कुमारीमाता असायची नाहीतर घोड्यावर बसलेली बाई. नाबोर सोळा वर्षांचा झाला आणि त्याने खाटकाला पटवलं, की या वर्षी आपल्या तळ्यातले पक्षी छापा. त्यानंतर दरवर्षी ऑक्टोबर संपताना, उत्तरेकडून मेंढे उतरले की, तो तळ्याला एक पुरी फेरी मारायचा. मेंढे म्हणजे पांढरे पेलिकन. लांबून पाण्यावर कळप बसलेला बघितला की कळतं त्यांना मेंढे का म्हणतात. बारा जागा, बारा फोटो. डिसेंबर ठरलेला: पेतातान गाव, मेंढे.

आता भांडणाचं सांगते, कारण आम्ही निघालो ते त्यावरून.

दोन नोव्हेंबरला गेलेले जीव घरी जेवायला येतात; त्यांच्यासाठी आरास मांडायला घेतली की आमच्या घरात गेली दोन वर्षं हेच. क्रिस्पीनची आई, माझे वडील, माझी धाकटी बहीण, सगळ्यांचे फोटो झेंडूत लागतात, सगळ्यांच्या आवडीचं ताट होतं. नाबोरचा फोटो मात्र मी लावू देत नाही. फोटो लावला म्हणजे माणूस गेला. त्याला जेवायला बोलावलं म्हणजे तो तिकडून येणार आहे, हे आपण आपल्या तोंडाने कबूल केलं. माझं तोंड ते कबूल करायला तयार नाही. क्रिस्पीन म्हणतो, पुरे आता. मी म्हणते, तुझं पुरे झालं असेल.

या वर्षी त्याने आवाज चढवला नाही. नाबोरची वही आणली, बारा जागांची, आणि 'बेपत्ता' पोस्टरांचा गठ्ठा आणला. म्हणाला, "आपण दोघं फेरी मारू. त्याच्या बारा जागी बारा फोटो काढू. प्रत्येक गावात नवं पोस्टर लावू, प्रत्येकाला विचारू. एक जरी माणूस म्हणाला की मी याला पाहिलाय, तर तुझं खरं, मी पुन्हा फोटोचं नाव काढणार नाही. आणि कुणीच नाही म्हणालं, तर या वर्षी फोटो लागेल. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. तेव्हा मी कशालाही कबूल म्हटलं असतं. मेलं तोंडच ते, आपोआप उघडतं.

ओकोत्लानला नदी तळ्यातून बाहेर पडते तिथे जुन्या खांबांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. वहीत लिहिलं होतं: "जानेवारी. ऊन पाठीमागे ठेवणे. घाई नको." क्रिस्पीनने ऊन नेमकं समोर घेतलं. मग कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघून म्हणाला, "हे काळं काय आलंय?"

"तुझा अंगठा."

"अंगठा एवढा मोठा कसा?"

"ते मला काय विचारतोस? तुझ्या आईला विचारायचंस."

तो हसला. मीही हसल्यासारखं केलं असावं, कारण त्याने खूश होऊन माझा दंड थोपटला. मी पोस्टर लावलं, वडेवालीला विचारलं, पेट्रोलवाल्याला विचारलं. "नाही पाहिला, सेन्योरा. देव पाठीशी असो." आम्ही पुढे निघालो.

हामायला पाण्यावर चांदवे पक्षी होते, शेकड्याने, काळे, कपाळावर पांढरा टिळा. वहीत फेब्रुवारीला हामाय होतं. त्याने मुद्दाम नव्हतं लिहिलं, तेव्हा त्याला काय माहीत. मोटरसायकल मिळाली ती जागा रस्त्यातच आहे. तिथे आता कुणीतरी वांगी लावली आहेत. क्रिस्पीन गाडीतून उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. मी खिडकीतून वांगी बघत होते, चांगली धरली होती. खांबावरचं आमचं मागच्या वर्षीचं पोस्टर उन्हाने पार उडालं होतं, नाबोरचं तोंड गेलेलं, दात तेवढे राहिलेले. हसराच फोटो आहे तो. पेतातानच्या मेलितोन नावाच्या कोळ्याने नाबोरच्याच कॅमेऱ्याने काढलेला, मागे मेंढे उडताहेत आणि हा तोंड उघडून हसतोय.

"तू उतरत नाहीस?" क्रिस्पीनने विचारलं.

"कशाला? वांग्यांना विचारू का?"

त्याने खांब पुसला. जुन्यावर नवं पोस्टर चिकटवलं आणि गाडीत येऊन बसला. 

ला बार्काला भाजलेलं डुकराचं मांस विकणारा एक जाडा होता. सुरी पुसत त्याने पोस्टर हातात घेतलं, डोळे बारीक केले. म्हणाला, "याला पाहिलाय मी."

क्रिस्पीनने माझा हात पकडला. अंगठी रुतेल इतका घट्ट. मला ते नुसतं दिसलं.

"कुठे?" मी विचारलं.

"हे काय, इथेच. त्या समोरच्या खांबावर. रोज बघायचो. मागच्या पावसात गेलं ते पोस्टर वाहून."

क्रिस्पीनने हात सोडला. त्या जाड्याला कळलं आपण काय करून बसलो ते. लालबुंद झाला बिचारा, कागदात मांस बांधून दिलं, पैसे घेईना. क्रिस्पीनने आपला वाटा तसाच ठेवला. मी माझा वाटा खाल्ला आणि मग त्याचाही खाल्ला. भूक नव्हती, पण समोर होतं.

तिथून कोहुमात्लानपर्यंत मार्चपासून ऑगस्टपर्यंत सगळं झालं. बगळे, बदकं, टिबुकल्या, डोंगरावरचा ढग. क्रिस्पीनने तळं तिरकं काढलं, इतकं तिरकं की पाणी सांडेल. प्रत्येक ठिकाणी विचारलं. नाही, सेन्योरा. नाही पाहिला. मी मनात मोजत नव्हते, पण क्रिस्पीन मोजत होता, हे मला दिसत होतं. त्याला जिंकायचं होतं असं नाही. त्याला फक्त हे संपायला हवं होतं.

पेतातानच्या आधी त्याने वही उघडली आणि चष्मा वर केला. "हे बघ काय लिहिलंय. 'डिसेंबर. पेतातान, दुपारी तीन. निघताना पोटभर खाऊन घेणे.' आता हे का? तिथे तर मेलितोनची बायको ओब्दुलिया त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही."

"पुढे बघून गाडी चालव," मी म्हटलं.

पेतातानला तीनच्या सुमाराला बायका माशांचे काप काढून संपवतात आणि डोकी, आतडी टोपल्यांतून काठावर आणून पाण्यात भिरकावतात. त्यासाठीच येतात मेंढे, हजार-दीड हजार. आम्ही पोचलो तेव्हा आभाळ पांढरं झालं होतं. मेलितोन गुडघाभर पाण्यात उभा होता, सत्तर वर्षांचा सडसडीत माणूस. त्याने टोपली तिथेच टाकली, येऊन क्रिस्पीनला मिठी मारली आणि सोडीच ना.

"फोटो काढून घे आधी," म्हणाला. "पोटं भरली की जातील बेटे, ओळखसुद्धा दाखवणार नाहीत."

क्रिस्पीन कॅमेऱ्याशी झटापट करत राहिला. मी हात धुवायला म्हणून मेलितोनच्या घरात गेले. ओब्दुलिया दारातच होती. मला बघून तिचा चेहरा कसनुसा झाला. "एर्लिंदाबाई, थांबा, जरा बाहेरच बसा ना, मी खुर्ची आणते," म्हणाली आणि दार अडवायला लागली. पण ती बुटकी आहे. तिच्या डोक्यावरून मला आतली आरास दिसली.

झेंडू, मेणबत्त्या, गोड पाव. तिचे आईवडील, मेलितोनचा बुडालेला भाऊ. आणि खाली कडेला, जिथे सगळ्या घरांत एक पाण्याचा पेला ठेवतात, ज्याला बोलावणारं कुणी नाही अशा वाटसरू जिवासाठी, तिथे पेल्याला टेकून माझा नाबोर हसत होता. आमच्याच पोस्टरमधला. वरचं "बेपत्ता" कापलेलं. खालचा आमचा फोन नंबर कात्रीने अगदी सरळ कापून टाकलेला.

मी आत गेले. माझा आवाज मलाच परका वाटला, इतका मोठा.

"कुणी सांगितलं तुम्हाला तो मेलाय म्हणून? कुणी सांगितलं? मी सांगितलं? तुम्ही प्रेत बघितलंत?"

"नाही हो, बाई..."

"मग कात्री कशी चालली तुमची? हात कसा झडला नाही? आई जिवंत आहे त्याची! मी इथे गावोगाव चिकटवत फिरतेय आणि तुम्ही कापून आराशीत मांडताय?"

मी फोटो उचलला. पेला कलंडला, पाणी झेंडूत गेलं. क्रिस्पीन आणि मेलितोन धावत आले आणि दारातच थांबले. ओब्दुलिया मागे सरली नाही. एप्रनला हात पुसत उभी राहिली.

"न्या," ती म्हणाली. "तुमचाच आहे. पण मी बोलले नाही तर मला झोप लागायची नाही. तुम्ही त्याला बोलावत नाही, हे सगळ्या तळ्याला माहीत आहे. तुम्ही आई आहात, तुमचं बरोबर आहे. पण समजा तो तिकडे असला? तीन वर्षं या दिवसांत सगळ्यांची दारं उघडी, सगळ्यांची ताटं मांडलेली, आणि हा रस्त्याने चाललाय. याचं नाव कुणी घेत नाही. आमच्याकडे जेवलेला पोरगा आहे हो तो. मावशी म्हणायचा. मी म्हटलं, वाटेवरचं एक घर तरी उघडं असू दे."

"आणि नसला तिकडे?"

"तर सूप आम्ही पिऊ. ते काय वाया जातंय?"

 मी फोटो धरून उभी. सूप म्हणाली म्हणून मी खाली बघितलं. पेल्याच्या जागेशेजारी वाडगा होता, वाफ निघणारा, आणि त्यातून एका मोठ्या माशाचं डोकं माझ्याकडे बघत होतं.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"नाबोरला. दुसऱ्या कुणाला? किती आवडायचं त्याला माझं माशाचं सूप. आला की दोन वाडगे."

"मासे? नाबोरला?"

"दोन वाडगे, बाई! खोटं नाही सांगत."

"त्याने सहा वर्षांचा असल्यापासून माशाला तोंड लावलेलं नाही. माझ्या हातचे चराल कधी खाल्ले नाहीत त्याने. वास आला तरी नाक धरून बसायचा. चराल विकणारणीच्या पोटी ही अवलाद!"

"पण वाडगा तर रिकामा असायचा..." ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघींनी एकदमच मेलितोनकडे बघितलं, कारण तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

"मेंढ्यांना घालायचा," मेलितोन म्हणाला. "तू आत वळलीस की वाडगा घेऊन काठावर. मला शपथ घातली होती, मावशीला सांगायचं नाही, तिला वाईट वाटेल."

"दहा वर्षं?" ओब्दुलिया म्हणाली. "दहा वर्षं मी त्या पक्ष्यांसाठी सूप करत होते?"

"त्यांना आवडायचं," मेलितोन म्हणाला.

दारात क्रिस्पीनच्या घशातून कसलातरी आवाज आला. तो हसत होता की काय, कळेना. वही त्याच्या हातात होती. "पोटभर खाऊन घेणे," तो म्हणाला. "हात्तिच्या. म्हणून होय."

आणि मी म्हटलं, "उचला तो वाडगा. तीन वर्षं उपाशी चालून येईल आणि दारात हे डोकं बघेल. तसाच माघारी जाईल तो. तोंडाने बोलणार नाही, पण जाईल."

 तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. येईल म्हणाले मी. चपालाच्या आमच्या दारातून नव्हे, बॅग खांद्यावर टाकून नव्हे. या मेणबत्त्यांमधून.

ओब्दुलियाने वाडगा उचलला. हळू आवाजात विचारलं, "मग काय खायचा तो?"

"भोपळ्याची फुलं आहेत घरात?"

"परसात आहेत."

फुलं तिने खुडून आणली, मी दांडे काढले, आतला तुरा काढला, तो कडू लागतो त्याला. तवा तापवला. तोर्तियावर, म्हणजे मक्याच्या पोळीवर, चीज, फुलं, चिमूटभर मीठ, आणि दुमडायचं. केसादिया उलटायला मी कधी उलथणं घेत नाही, बोटांनीच उलटते, तीस वर्षांची सवय. पहिली उलटली आणि चटका बसला. असा बसला की मी ओरडले. बोटं तोंडात घातली आणि बोटं दुखली, आणि मग नुसती बोटंच नाही, सगळंच दुखायला लागलं, छाती, पाठ, कंबर, तीन वर्षांचं एकदम. मी चुलीपाशी खाली बसले. नाबोर, नाबोर, एवढंच येत होतं तोंडातून. क्रिस्पीन शेजारी येऊन बसला, गुडघे दुखतात त्याचे तरी बसला.

"जळतेय," ओब्दुलिया म्हणाली, आणि दुसरी तिने उलटली.

बशीत दोन वाढल्या. मी म्हटलं, तिसरी पण कर. दोन तो लगेच खायचा, तिसरी कॅमेरा पुसून झाल्यावर. बशी मी ठेवली. पेल्यात नवं पाणी भरलं. फोटो घट्ट धरून माझ्या हातात चुरगळला होता. तो मांडीवर सरळ केला आणि टेकवून ठेवला, पण खाली कडेला नाही. वर, तिच्या आईच्या शेजारी. ओब्दुलियाने तिची आई जरा सरकवली.

क्रिस्पीनने डोळे पुसले आणि कॅमेरा वर केला. बाहेर मेंढे उडून गेले होते, डिसेंबर राहिलाच होता. त्याने आराशीचा फोटो काढला. आम्ही सगळ्यांनी मागच्या काचेत बघितलं. एका कोपऱ्यात अंगठा होता.

"राहू दे," मी म्हटलं. "घरच्याच माणसाने काढलाय हे कळेल त्याला."

गाडीत बसल्यावर त्याने सीटवरचा गठ्ठा चाचपला. तिसापान, तुश्कुएका, होकोतेपेक, दक्षिणेचा सगळा काठ बाकी होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "उरलेली पोस्टरं," म्हणाला. "आता त्यांचं काय करू?"

"काय करू म्हणजे? लावायची. एकूण एक खांबावर लावायची. जिवंत असला तर वाचेल, नसला तर जेवून जाईल." माझं नाक वाहत होतं, मी बाहीला पुसलं. "आणि तो कॅमेरा सरळ अडकव, म्हाताऱ्या. सकाळपासून उलटा घालून फिरतोयस."